रोहिणी, मृग, आर्द्रा

पुण्याहून बारामतीस जाण्याचा जुना मार्ग हडपसर, दिवेघाट, सासवड, जेजुरी व मोरगांव असा आहे. या वाटेनें जाणाऱ्या प्रवाशाच्या मनांत देवदर्शन असतें, इतिहास असतो, निदान पुरंदरचीं अंजिरें तरी असतात. परंतु या वाटेच्या आरंभींच, हडपसरला सासवडच्या रस्त्यालगत, एक विस्तीर्ण मैदान आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी मान वळवून पाहात नाहीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच वर्षांत केंद्र सरकारच्या नागरी विमान-खात्यानें येथें ग्लायडिंगचें केंद्र काढलें. एंजिन नसलेल्या विमानांत बसून आकाशांत कसें तरावें हें पुण्याच्या तरुण पिढ्यांनीं या माळावर शिकून घेतलें. पुढें बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पाहतांना आम्हांस जें सुचलें, त्याचें मूळ या मैदानांत आहे. म्हणून आधीं त्याचा उल्लेख केला.

गेल्या वैशाखांत आम्ही घरचीं लहानथोर मंडळी नीरा-नरसिंहपूरच्या दर्शनास निघालों. बरोबर आमचे थोरले मामा होते. त्यांनीं नुकतीच ऐंशी ओलांडली आहे. पण प्रवासाचें नांव निघालें कीं पिशवी भरून सर्वांच्या आधीं दारांत उभे राहावयाचे, ही त्यांची रीत अजून सुटलेली नाहीं. साठ-पांसष्ट वर्षांपूर्वीं पुण्यास कॉलेजांत असतांना ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंत होते. या छात्रसेनेचा कायदा १९४८ सालीं झाला आणि वायुशाखा १९५० सालीं निघाली. निळसर गणवेश, चकचकीत बूट आणि रविवारची कवाईत एवढेंच तिचें रूप बाहेरच्यांना दिसे. पण ज्यांना ग्लायडर मिळालें त्यांना एका निराळ्याच विद्येचा उंबरठा ओलांडावयास मिळाला.

तेथील दिवस कसा जाई, हें मामांनीं मोटारींतच सांगितलें. पहांटेस सायकलीवरून मैदान गांठावयाचें. ग्लायडर हातांनीं ढकलून बाहेर काढावयाचें, पंखांवरची धूळ पुसावयाची, दोऱ्या, बिजागऱ्या, कापडाची शिवण एकेक तपासावयाची. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे मोठ्या रिळासारखें यंत्र. त्यावर गुंडाळलेली पोलादी तार ओढीत आणून ग्लायडरच्या पोटाखालील कडींत अडकवावयाची. खालीं चाक एकच, तेव्हां एकानें पंखाचें टोक धरून ग्लायडर सरळ उभें ठेवावयाचें, दुसऱ्यानें निशाण दाखवावयाचें, तिसऱ्यानें नोंद ठेवावयाची. विंच फिरूं लागला कीं तार ताणली जाई आणि पंख धरणारा मुलगा चार पावलें बरोबर धांवून हात सोडी. पतंग जसा दोरीवर चढावा तसें ग्लायडर चढे. सुमारें हजार फुटांवर गेल्यावर पिवळी मूठ ओढून तार सोडून द्यावयाची आणि मग जें सुरू होई तें मौन. वाऱ्याचा सुस्कारा तेवढा कानांवर येई. मैदानाला एक फेरा घालून खालीं उतरावयास पांच-सहा मिनिटें लागत.

"पांच मिनिटांसाठीं दिवसभर राबावयाचें?" आमच्या धाकट्या पुतण्यानें विचारलें.

"अरे, माझीं पांच मिनिटें आणि बाकीच्या नऊ जणांचीं प्रत्येकीं पांच," मामा म्हणाले. "एक जण वर गेला कीं बाकीचे खालीं खपत असत. आपली पाळी झाली म्हणून घरीं पळून जाणारा मुलगा तेथें टिकत नसे."

ज्या घरांत अनेक माणसें एकत्र नांदतात, त्या घरांतील वाचकांस या वाक्याचा अर्थ निराळा फोडून सांगण्याची गरज नाहीं.

मामा ज्या ग्लायडरवर शिकले त्याचें नांव 'रोहिणी'. विमान-खात्याच्या दिल्लीच्या तांत्रिक केंद्रांत एस. रामामृतम् यांनीं त्याचा आराखडा केला आणि १९६१ सालीं तें प्रथम उडालें. सारें अंग लाकडाचें, पंखांवर कापड ताणून रोगण दिलेलें, आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्या बैठकी शेजारींशेजारीं. इंग्लंडांतील हवाई छात्र ज्या 'सेडबर्ग' नांवाच्या जुन्या ग्लायडरवर शिकले, त्यांतही बैठकीची हीच सोय होती. पुढें बसलेल्या शिष्याला गुरूचा केवळ आवाज ऐकूं येतो. शेजारीं बसलेल्याला गुरूचा हात दिसतो, आणि तो हात केव्हां काठीवरून दूर झाला हेंही दिसतें.

या केंद्रांतून निघालेल्या ग्लायडरांचीं नांवें एका ओळींत मांडलीं म्हणजे मोठी मौज वाटते. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. कृत्तिकेच्या जागीं कार्तिक घेतला कीं नक्षत्रमालेंतील पहिलीं सहा नक्षत्रें क्रमानें पुरीं होतात. अश्विनी १९५८ सालचें, कार्तिक १९६३ चें, मृगशीर १९७० चें आणि आर्द्रा १९७९ चें. रोहिणी व आर्द्रा हीं विद्यार्थ्यांसाठीं, तर कार्तिक व मृगशीर एकट्यानें दूरवर तरण्यासाठीं. पंचांग पाहिलें तर सूर्य चैत्र-वैशाखाच्या सुमारास अश्विनींत शिरतो आणि आषाढाच्या आगेंमागें आर्द्रांतून जातो. इंग्रजी तारखांनीं सांगावयाचें तर एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंतचा हा काळ. आमच्या दख्खनच्या पठारावर उन्हाच्या तापानें आकाश उसळतें तें याच दिवसांत, आणि शेतकरी मान वर करून बसतो तेंही याच दिवसांत. नांवें ठेवणाऱ्यांच्या मनांत हा मेळ होता कीं नव्हता, आम्ही सांगूं शकत नाहीं. पण बारामती-इंदापूरकडे निघालेल्या माणसाला तो दिसल्याविना राहात नाहीं.

या नांवाची घरांतली एक गोष्ट मामांनीं सांगितली. ग्लायडरमध्यें बसण्यापूर्वीं वडिलांची लेखी संमति आणावी लागे. आजोबांनीं कागदावर सही केली. आजी मात्र दोन दिवस बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें विचारलें, "त्या यंत्राला नांव-गांव कांहीं आहे कीं नाहीं?" मामा म्हणाले, "रोहिणी." आजी थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "बळरामाची आई ती. ती लेकराला टाकावयाची नाहीं. जा हो." मामा एकट्यानें प्रथम उडाले त्या दिवशीं शेजारची बैठक रिकामी होती, परंतु तिच्यांत आजी बसली आहे असें आपणांस सारखें वाटत होतें, असें ते म्हणाले. एवढें सांगून ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहात राहिले, आणि मुलांनींही कांहीं विचारलें नाहीं.

दिवेघाट चढून सासवड मागें टाकलें कीं भूमीचा रंग बदलूं लागतो. महाबळेश्वरावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तोच ढग सह्याद्रि ओलांडून पूर्वेस येईतों रिता होतो आणि बारामती-इंदापूरच्या पदरांत वीस इंचांच्या आसपास टाकतो. तोही वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. रोहिणी कोरडी जाते, मृग हुलकावणी देतो, आणि पुष्कळदां खरा पाऊस भाद्रपदांत पडून रब्बीच्या ज्वारीला हात देतो. कऱ्हा नदी जेजुरी-मोरगांवावरून बारामतीस येते तीसुद्धां वैशाखांत वाळूची रेघ होऊनच. याच कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) आपली आर्या घडविली. एवढ्या रुक्ष भूमींत एवढी रसवंती कशी पिकली, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. पन्हाळ्यास जन्मलेला कवि येथें येऊन स्थिर झाला आणि गांवाचें नांव महाराष्ट्राच्या घराघरांत गेलें, एवढें मात्र खरें.

आजची बारामती हें वेगळें शहर आहे. रुंद रस्ते, विद्यालयें, औद्योगिक वसाहत, आणि त्या वसाहतीजवळ विमानाची धावपट्टी. गेलीं कित्येक वर्षें वैमानिक होऊं पाहणारीं मुलें-मुली येथें येऊन एंजिनाच्या लहान विमानांवर शिकत आलीं आहेत. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलों तेव्हां एक छोटें विमान घरघर करीत वर्तुळें घेत होतें. टेकावयाचें, न थांबतां पुन्हां उठावयाचें.

"आजोबा, याचें एंजिन बंद पडलें तर?" पुतणीनें विचारलें.

"तर तें त्या क्षणीं ग्लायडर होतें," मामा म्हणाले. "आणि मग चालकाला ग्लायडर येत असलें म्हणजे झालें."

हें केवळ विनोदानें सांगितलें नव्हतें. १९८३ च्या जुलैंत कॅनडांत एका प्रचंड प्रवासी विमानाचें इंधन वाटेंतच संपलें आणि दोन्ही एंजिनें थांबलीं. त्याचे कप्तान रॉबर्ट पिअर्सन हे हौसेनें ग्लायडर चालविणारे होते. त्यांनीं तें अवजड विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरत तरत आणून उतरविलें आणि आंतील सर्व माणसें वांचलीं. २००९ सालीं न्यूयॉर्क येथें पक्षी शिरून दोन्ही एंजिनें निकामी झाल्यावर हडसन नदीच्या पात्रांत विमान उतरविणारे कप्तान सलनबर्गर यांनींही तरुणपणीं ग्लायडिंग केलेलें होतें. एंजिन हें सामर्थ्य देतें. परंतु तें नसतां काय करावें हें ज्ञान जुनें लाकडी ग्लायडरच देतें. जवळ असलेली उंची हीच त्याची शिदोरी. अशा शिकाऊ ग्लायडरांना एक फूट खालीं येतांना सुमारें वीस फूट पुढें जातां येई. शिदोरी किती उरली आणि घर किती दूर आहे, याचा हिशोब प्रत्येक क्षणीं मनांत चालू ठेवावा लागे.

बारामतीहून वालचंदनगरकडे निघालें कीं नीरेचा डावा कालवा भेटतो. १८८५ च्या सुमारास सुरू झालेला हा कालवा म्हणजे या दोन तालुक्यांची विभागणीची रेघच होय. पाणी मिळालेल्या बाजूस हिरवागार ऊंस, दुसऱ्या बाजूस तापलेला, भेगाळलेला माळ. आम्ही गाडी थांबवून बाभळीखालीं डबे सोडले. समोरच्या काळ्या पडीक शेतांतून एक वावटळ उठली आणि पाचोळा गरगर फिरवीत वर घेऊन गेली. थोड्याच वेळानें तिच्याच वरच्या अंगाला दोन घारी आल्या आणि पंख न हालवितां गोल गोल चढूं लागल्या.

मामांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनीं मुलांना उठवून उभें केलें. "पाहा, हाच तो. काळी कोरडी जमीन उन्हानें तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि खांबासारखी वर उठते. घारीला तो खांब सांपडला आहे. ग्लायडर हवेंत सारखें खालीं येतच असतें. पण हवाच त्याच्या खालीं येण्यापेक्षां अधिक वेगानें वर चढत असली तर तेंही वर जातें. मग पांच मिनिटांचें उड्डाण तासावर लांबतें."

"आणि उंसावर?" पुतण्यानें विचारलें.

"ओला ऊंस थंड असतो. तेथें हवा उठत नाहीं. आकाशांतून पाहिलें तर ही माळाची बाजू श्रीमंत आणि ती हिरवी बाजू गरीब!"

हें ऐकून आम्ही चकित झालों. जिनें शेतकऱ्याच्या तीन पिढ्यांना रडविलें, तीच भूमि पंखांना उचलून धरते. ज्या आकाशाला निर्दय म्हणून आपण शिव्याशाप देतों, त्या आकाशाच्या पोटांत हें सामर्थ्य भरलेलें आहे. दुष्काळाचें दुःख यानें उणें होत नाहीं. बांधावर बसलेल्या माणसाला घारीच्या वर्तुळाचें काय कौतुक? तथापि एखाद्या प्रदेशाची ओळख त्याला काय मिळालें नाहीं एवढ्यावरून करावी, हेंही न्यायाचें नव्हे.

वालचंदनगर हें इंदापूर तालुक्यांतील गांव साखरेसाठीं आणि अवजड यंत्रांसाठीं प्रसिद्ध आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं या कोरड्या टापूंत कालव्याच्या पाण्यावर उंसाचे मळे केले आणि गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत येथें साखर कारखाना उभारला. याच गृहस्थांनीं १९४० च्या डिसेंबरांत म्हैसूर संस्थानच्या साह्यानें बंगलोर येथें 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली. त्या कारखान्यांत कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे हे अभियंते होते. जर्मनींत गटिंगेन येथें वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखालीं त्यांनीं अभ्यास केला होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीवर विमानांच्या बाबतींत निर्बंध लादले, तेव्हां तेथील तरुण डोंगरमाथ्यांवरून ग्लायडरें उडवूं लागले आणि त्या उणीवेंतून एक नवें शास्त्र वाढलें. तें शास्त्र शिकून आलेल्या घाटग्यांनीं १९४१ सालीं दहा माणसें बसतील असें एक ग्लायडर बनविलें. भारतांत आराखडा होऊन या कारखान्यांत बांधलेलें पहिलें उडतें यान तें हेंच. त्याला एंजिन नव्हतें. तसें एकच ग्लायडर झालें. परंतु पुढें घाटग्यांनीं एच.टी.-२ हें शिकाऊ विमान केलें, तें १९५१ सालीं उडालें. आणि या कंपनीचा पुढील अवतार जी हिंदुस्थान एअरॉनॉटिक्स, तिनें छात्रांसाठीं आर्द्रा ग्लायडरें बांधलीं. इंदापूरच्या उंसाच्या मळ्यापासून छात्रांच्या लाकडी पंखांपर्यंत हा असा एक धागा पोंचतो.

नीरा-नरसिंहपूर हें पुणें जिल्ह्याचें आग्नेय टोंक. नीरा येथें भीमेला मिळते. दर्शन, अभिषेक, प्रसाद सर्व यथासांग झालें. परततांना इंदापुरास मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचें स्थान पाहिलें आणि सोलापूर-पुणें रस्त्यानें भिगवणास आलों. १९८० च्या सुमारास उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमेच्या कांठचीं अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें प्राचीन देऊळही त्यांतच गेलें. ज्या वर्षीं पाणी फार खालीं उतरतें त्या वर्षीं तें पुन्हां दिसूं लागतें. आज या जलाशयावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. दुपार चढली तेव्हां चित्रबलाकांची एक रांग उडाली, माळावर गेली, आणि तेथें पंख स्थिर ठेवून वर्तुळें घेत इतकी वर गेली कीं डोळ्यांना ठिपके उरले. मुलें आतां आपण होऊनच सांगूं लागलीं, "आजोबा, त्यांना खांब सांपडला!"

छात्रसेनेंतून तीं लाकडी ग्लायडरें आतां गेलीं. त्यांच्या जागीं एंजिनाचीं हलकीं मायक्रोलाइट विमानें आलीं; त्यांना विंच नको, तार नको, पंख धरणारा मुलगाही नको. काळाप्रमाणें हें व्हावयाचेंच. त्याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. लाकूड किती दिवस टिकणार, सरस किती दिवस धरणार? ऊन-पावसानें सांधे सुटूं लागले कीं अशा ग्लायडरला कोणी शहाणा माणूस उडूं देत नाहीं. परंतु यंत्र मोडीत निघालें म्हणजे त्याबरोबर विद्या आणि आठवणही मोडीत काढावयाची काय, हा प्रश्न उरतोच.

त्या काळीं रोहिणींत बसलेले छात्र आज आपल्या घराघरांतून आजोबा झाले आहेत. कोणी बँकेंतून निवृत्त झाले, कोणी शिक्षक होते, कोणी सेनादलांत गेले. त्यांच्या कपाटांत कोठें तरी उड्डाणांची नोंदवही असेल, गणवेशांतील एखादें छायाचित्र असेल. आमच्या मामांच्या वहींत प्रत्येक उड्डाणापुढें मिनिटांचा आंकडा आहे. पांच, सहा, पांच, पांच. त्या आंकड्यांमागें काय होतें हें ते स्वतः सांगतील तोंवरच कळणार. आमची वाचकांस विनंति आहे कीं आपल्या घरीं अशी कोणी वडील व्यक्ति असल्यास सुटींत मुलांना तिच्याभोंवतीं बसवावें, वही काढावी, आणि तारीख, स्थळ, ग्लायडरचें नांव, शिक्षकांचें नांव, पहिल्या एकट्या उड्डाणाची हकीगत हें सारें लिहून घ्यावें. पळसदेवाचें देऊळ पाणी ओसरल्यावर पुन्हां दिसतें. माणसांच्या आठवणींचें तसें नसतें.

आणि कधीं वैशाखांत बारामती-इंदापूरकडे जाणें झालें, तर कालव्याच्या कोरड्या बाजूस घटकाभर थांबून आकाशाकडे पाहावें. ढग नसला तरी तें रिकामें नसतें.